थरांच्या रेझिन टॉपला बाक येतो: वजनं ठेवण्याआधी सरळ पट्टी लावून मोजा

साच्यातून काढताना टॉप (किचन ओट्याचा किंवा वॉशबेसिनचा वरचा पृष्ठभाग) सपाट असतो. घोड्यांवर (कामाच्या आधारांवर) ठेवतो, चार-आठ दिवसांनी कॅबिनेटवर चढवायला घेतो, तर दोन्ही टोकं उचललेली, नाहीतर मधे फुगवटा. मग त्यावर गोण्या रचायच्या, उलटा करून उन्हात टाकायचा, खालून स्क्रू मारून खेचायचा. एक टॉप कसाबसा बसतो आणि पुढचा पुन्हा तसाच निघतो. थर देऊन हलकं कृत्रिम दगडी काम करणाऱ्या बहुतेकांच्या मागे ही कटकट लागलेली असते, आणि ‘यावेळी रेझिनच खराब आलं’ म्हणून खापर डब्यावर फुटतं. डब्याचा दोष क्वचितच असतो. दर्शनी बाजू आणि पाठ सारख्या आकसल्या नाहीत की बाक येतो. कमी-जास्त कोण आकसलं हे शोधायला दोन गोष्टी पुरतात: टॉप कुठल्या बाजूला वाकला आणि केव्हा वाकला.

मी बोलतोय तो टॉप साधारण असा असतो. साच्यावर अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझिनचा पातळ लेप. त्यावर पाच-सहा मिलिमीटर दर्शनी थर, म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅल्साइट किंवा ॲल्युमिना ट्रायहायड्रेटची पूड (हा फिलर) आणि दगडाचा भास देणारे रंगीत दाणे. मग पंधरा मिलिमीटरच्या आसपास हलका गाभा: पॉलियुरेथेन किंवा पेट फोम, कधी प्लायवूड, कधी रेझिनमध्ये पोकळ काचगोळ्या घालून केलेलं हलकं मिश्रण. आणि शेवटी पाठीला रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबर मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) एक-दोन थर. फोमच्या गाभ्याचा असा टॉप दर चौरस मीटरला पंधरा-सतरा किलोत बसतो. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट तेवढ्याच जागेत चोपन्न किलोच्या आसपास जातो. सगळा खटाटोप या फरकासाठी. (थर्मोकोलचा गाभा वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवणारं स्टायरिन हे द्रव्य थर्मोकोल विरघळवून टाकतं. तिथे इपॉक्सीच हवं.)

ड्यूपाँटच्या कोरियनसारखे एकसंध पत्रे अशी कटकट करत नाहीत. ते आरपार एकाच मालाचे, साधारण एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिना ट्रायहायड्रेट. त्यात ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असा फरकच नाही. आपण थर दिले त्या क्षणी हा फरक आपणच तयार केला.

एवढासा फरक, एवढा मोठा बाक

नुसतं पॉलिएस्टर रेझिन कडक होताना आकारमानाने सात-आठ टक्के आकसतं. फिलर भरला की हा आकडा खूप खाली येतो, आणि जेल होण्याआधी (म्हणजे घट्ट होऊन वाहणं थांबण्याआधी) द्रव अवस्थेत जे आकसणं होतं ते निरुपद्रवी, कारण द्रव वाहून जागा भरून काढतो. त्रास देतं ते जेलनंतर उरलेलं. ते थोडंच असतं, म्हणून लोक त्याकडे काणाडोळा करतात.

आता हिशेब करून पाहा. दर्शनी थर आणि पाठ यांच्यात वीस मिलिमीटर अंतर आहे आणि पाठ दर मीटरला फक्त अर्धा मिलिमीटर जास्त आकसली. मऊ गाभ्याच्या टॉपला एक मीटर लांबीत यामुळे मधे सुमारे तीन मिलिमीटरचा बाक येतो. दोन मीटरला बारा. तीन मीटरला अठ्ठावीस. लांबी दुप्पट झाली की बाक चौपट होतो. म्हणून वॉशबेसिनचे छोटे टॉप वर्षानुवर्षं बिनतक्रार निघतात आणि त्याच पद्धतीने पहिला लांब किचन टॉप केला की तो धनुष्य होतो. पद्धत बिघडलेली नसते. छोट्या मापात तिचा दोष दिसत नव्हता, एवढंच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी बऱ्याच जणांना पटत नाही. पाठ नुसती मजबूत करून बाक जात नाही. गाभा मऊ असेल तर दोन्ही कातड्या, म्हणजे दर्शनी थर आणि पाठ, आपापल्या मापाला जाऊन बसतात आणि टॉप त्या दोन मापांच्या फरकाएवढा वाकतो. पाठीवर तिसरी, चौथी मॅट चढवली आणि ती पहिल्याइतकीच आकसली, तर बाक जवळपास तेवढाच राहतो, वजन मात्र वाढतं. पाठीची ताकद नव्हे, दोन्ही बाजूंचं आकसणं जुळवावं लागतं.

आधी मोजा

घोड्यांवर आडवा ठेवलेला टॉप मोजू नका. हलका, लवचीक टॉप स्वतःच्या वजनानेच दोन घोड्यांमध्ये झोळ खातो आणि खरा बाक लपतो किंवा दुप्पट दिसतो. टॉप लांब कडेवर उभा करा, दोघांनी धरा, आणि दर्शनी बाजूला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी किंवा ताणलेली सूतदोरी लावा. फट मधे आहे की टोकांना, किती आहे, कुठल्या तारखेला आणि किती वाजता मोजली, हे पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवा. वेळ लिहायची ती का, ते पुढे येईलच.

वाचायचं असं: जी बाजू आत खोलगट झाली ती तोकडी पडली. टॉप दर्शनी बाजू वर करून ठेवला आणि टोकं वर उचलली, तर दर्शनी बाजू तोकडी. मधे पोट वर आलं, तर पाठ तोकडी (किंवा दर्शनी बाजू तात्पुरती लांबलेली, तेही पुढे). एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे संशयित बाद होतात. तरीही लोक मोजायच्या आधी गोण्या का शोधतात, देव जाणे.

पोट वर, आणि बाक दिवसागणिक वाढतोय

सर्वांत जास्त दिसणारं प्रकरण हेच, म्हणून यावर जरा थांबतो.

टॉप साच्यात असताना दर्शनी बाजू साच्याला चिकटून, हवेपासून झाकलेली असते. पाठ उघडी असते. उघड्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन पॉलिएस्टरचं कडक होणं अडवतो, शिवाय तिथून स्टायरिन उडून जातं. त्यामुळे पाठ ‘झाली’ असं वाटतं तेव्हा ती अर्धीमुर्धीच झालेली असते. उरलेलं काम ती पुढच्या काही आठवड्यांत करते आणि तेवढं आकसणं त्या काळात होतं, तेही साच्याबाहेर, जिथे तिला सरळ धरून ठेवणारं कुणी नसतं.

तपासायला ॲसिटोन पुरतं. फडक्यावर थोडं घेऊन पाठीवर चोळा. जागा चिकट झाली, फडकं ओढलं जाऊ लागलं, तर पाठ कच्ची आहे. (मेण घातलेलं रेझिन असेल तर आधी मेणाचा पापुद्रा घासून काढा, नाहीतर निकाल फसवा येतो.) बारकोल हार्डनेस टेस्टर असेल तर अधिक चांगलं. दर्शनी थराला आकडा ठीक आणि पाठीला त्याच्या निम्मा, असं चित्र असेल तर पुढे फार शोधत बसायची गरज नाही.

पाठ कच्ची का राहते, याची कारणं बहुधा इथेच असतात.

कॅटॅलिस्ट कमी पडणं. रेझिन कडक करणारं कॅटॅलिस्ट म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), साधारणपणे एक ते दोन टक्के, तेही रेझिनच्या वजनावर. पूर्ण मिश्रणाच्या वजनावर नव्हे. दहा किलो दर्शनी मिश्रणात रेझिन अडीच किलोच असेल, तर दीड टक्क्याने साडेसदतीस ग्रॅम एमईकेपी लागतं. कुणी दहा किलोवर दीड टक्का काढला तर दीडशे ग्रॅम होतं, म्हणजे रेझिनच्या सहा टक्के. मग दर्शनी थर भडकून तापतो आणि पाठीच्या मॅटला मात्र रेझिन कमी म्हणून अंदाजाने थेंब-थेंब टाकलेलं असतं. दोन बाजूंना दोन वेगळ्या प्रकृती मिळतात. एकाच टॉपच्या सगळ्या थरांना वजनकाटाच वापरायचा, झाकणाचं माप नाही. जास्त घातलं तर जास्त कडक होईल हाही भ्रमच. मर्यादेबाहेरचं एमईकेपी आणि त्यातलं वाहक द्रव्य रेझिनमध्ये मऊपणा ठेवून जातं.

दुसरं, ओल आणि गारवा. दमट फिलर कोबाल्ट (कडक होण्याला वेग देणारं द्रव्य) आणि एमईकेपीची गती मारतो. गोण्या थंड फरशीवर ठेवलेल्या असतील तर थंड फिलर रेझिनमधली उष्णताही खेचून घेतो. हवा पंधरा अंशांच्या खाली गेली की थर देऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण थर्मामीटर हवा मोजतो. साचा आणि फिलर कुणी मोजत नाही.

तिसरं कारण साधं: पाठीचं शेवटचं रेझिन बिनमेणाचं. शेवटच्या थराला मेण-स्टायरिनचं द्रावण घातलं, किंवा ओला असताना त्यावर पॉलिएस्टर फिल्म अंथरून रोलर फिरवला, की हवा तुटते. मला फिल्म जास्त आवडते, कारण पाठ गुळगुळीत येते आणि नंतर तिथे काही चिकटवायचं झालं तर मेण घासत बसावं लागत नाही.

हे बोलताना एक सूचना, विषयाबाहेरची वाटली तरी: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. भडका उडतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच एमईकेपी घालायचं, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

पाठ पूर्ण कडक आहे आणि तरी पोट वर येतंय? मग तुकडा कापून छेद पाहा. छेद बारीक पॉलिश पेपरने घासा, पाणी लावा, उजेडात धरा. पातळ मिश्रणात कॅल्साइट (घनता २.७) खाली साच्याकडे बसतो आणि वर अर्धपारदर्शक, रेझिनच रेझिन असलेला पट्टा उरतो. तो फिलरवाल्या भागापेक्षा कितीतरी जास्त आकसतो. काचगोळ्यांचं उलट. त्या रेझिनपेक्षा हलक्या, म्हणून वर तरंगतात. एकाच बादलीत कॅल्साइट आणि काचगोळ्या घालून सैल मिश्रण ओतणाऱ्यांनी दोन विरुद्ध दिशांचे प्रवासी एका गाडीत बसवलेले असतात. उपाय म्हणजे मिश्रण दाट करणं: फिलरचं प्रमाण वाढवा, थोडी फ्युम्ड सिलिका घाला, जेल टाइम कमी करा आणि व्हायब्रेटर बुडबुडे निघेपर्यंतच चालवा. काचगोळ्यांना वेगवान पात्याच्या मिक्सरने ढवळू नका. त्या फुटतात, वजन वाढतं आणि प्रत्येक बॅच वेगळी निघते.

टोकं वर

इथे दर्शनी बाजू तोकडी पडलेली असते. बहुतेकदा पाठ नसतेच, किंवा नावापुरती असते. ‘ती बाजू कोण बघणार’ म्हणून फोमवर रेझिनचा एक हात मारून सोडलेला. जेलकोट आणि दर्शनी थर आकसतात, समोर ओढ धरायला कुणी नाही, टोकं उचलतात. साच्यातून काढतानाच असा बाक दिसला तर आणखी एक शक्यता असते. जेलकोटची फवारणी जाड झाली, एक मिलिमीटरच्या वर गेली, आणि त्यात फिलर जवळपास नसल्याने ती जोरात आकसली. ओला असताना जाडी मोजायचा कंगवा फार स्वस्त साधन आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहा. फार पातळही नको, तीन दशांशाच्या खाली गेलं की जेलकोट नीट कडक होत नाही आणि पुढच्या थराचं स्टायरिन त्याला सुरकुत्या पाडतं.

दोन थरांमध्ये फार वेळ गेला की वेगळाच घोळ. काल दर्शनी थर ओतला, आज पाठ. तोवर दर्शनी थराचं बरंच आकसणं होऊन गेलेलं असतं, आणि आता पाठ एकटीच आकसते. यात टोकं वर येत नाहीत, उलट पोट वर येतं. मुद्दाम इथे लिहितोय, कारण पाठ नसलेल्या टॉपवर ‘दुरुस्ती’ म्हणून दुसऱ्या दिवशी जाड पाठ चढवली की बाक उलट्या दिशेला जातो आणि माणूस चक्रावतो. मागचा थर बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत पुढचा द्यावा.

टोकं वर असलेल्या टॉपची एक छोटी पट्टी कापून तिची पाठ आणि गाभा घासून काढा. उरलेला नुसता दर्शनी थर सरळ झाला तर भानगड दोन बाजूंच्या नात्यात होती. तो एकटाही वाकलेलाच राहिला तर दोष त्याच्या पोटात आहे: बहुधा जाड जेलकोट.

दुपारी वाकतो, रात्री सरळ होतो

यासाठी वेळ लिहायला सांगितली होती. खिडकीतून ऊन थेट पडणारा, त्यातही गडद रंगाचा टॉप दुपारी पोट वर काढतो आणि संध्याकाळी बसतो. फोम उष्णता अडवतो, म्हणून दर्शनी थर तापतो आणि पाठ गारच राहते. फिलरवाला पॉलिएस्टर दर अंशाला दर मीटर साधारण तीन शतांश मिलिमीटर वाढतो. दोन बाजूंत वीस अंशांचा फरक पडला तर दर मीटरला सहा दशांश मिलिमीटर, आणि वरच्या हिशेबाने दोन मीटरच्या टॉपला पंधरा मिलिमीटरचा बाक. यात काहीही कच्चं नाही, काही आकसलेलं नाही. असा टॉप ‘दुरुस्त’ करायला घेतलात तर चांगला माल बिघडवाल. रंग फिका घ्या, किंवा तिथे फोमऐवजी काचगोळ्यांचं मिश्रण वापरा, कारण त्यातून उष्णता जरा तरी खाली उतरते.

प्लायवूडच्या गाभ्याचं थोडक्यात: प्लाय उष्णतेने फारसा वाढत नाही, पण ओलाव्याने फुगतो. त्याची पाठ आणि सिंकच्या कापाच्या कडा रेझिनने बंद केलेल्या नसतील तर बाक पावसाळी हवेबरोबर येतो-जातो. सगळ्या कडा बंद करा. दुसरा उपाय नाही.

वाकलेल्या टॉपचं काय करायचं

पाठ कच्ची असल्याने वाकला असेल आणि फार दिवस झाले नसतील तर तो वाचतो. सपाट टेबलावर क्लॅम्पने दाबून ठेवा आणि दाबलेल्या अवस्थेतच पोस्ट-क्युअर करा, म्हणजे ऊब देऊन उरलेलं कडक होणं पूर्ण करा. खोलीच्या तापमानात एक दिवस झाला असेल तर त्यानंतर चाळीस अंशांना सोळा तास किंवा ऐंशी अंशांना तीन तास, असं पॉलिएस्टरसाठी सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. फोमचा गाभा असेल तर मी चाळीसचाच मार्ग घेईन. ऐंशीला फोममधला वायू फुगून थर सुटण्याचा धोका असतो. तापमान हळू चढवा आणि गार होईपर्यंत क्लॅम्प काढू नका. दोन्ही बाजूंना सारखी गरम हवा लागली पाहिजे, म्हणजे टेबलाला टॉप चिकटवून वरून हीटर मारणं चालणार नाही. टेबलावर लोखंडी पट्ट्या ठेवून त्यांवर टॉप दाबा.

पूर्ण कडक झालेला टॉप गोण्यांनी सरळ होत नाही. वजन काढलं की परत. त्याला पाठीवरून आडवे काप द्यावे लागतात: दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर, पाठीच्या कातडीतून आरपार आणि गाभ्यात जरासे. मग सपाट दाबा. पोट वर होतं तर काप उघडतील, टोकं वर होती तर मिटतील. दाबलेल्या स्थितीतच काप इपॉक्सीने भरा आणि वर काचेच्या कापडाचा एक थर इपॉक्सीनेच द्या, कारण इपॉक्सी कमी आकसतं. इथे पुन्हा पॉलिएस्टर लावलं तर तेच रामायण सुरू होतं.

काप देताना धूळ उडते. फिलर कॅल्साइट किंवा ॲल्युमिना ट्रायहायड्रेट असेल तर साधा धुळीचा मास्क लावून, व्हॅक्युम जोडून काम भागतं. क्वार्ट्झची पूड किंवा दाणे असतील तर पाणी सोडूनच कापा आणि योग्य रेस्पिरेटर लावा. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या मालावर बंदीच घातली. स्वतः मिश्रण बनवणाऱ्याने क्वार्ट्झ टाळणंच बरं. दिसण्यात पडणारा फरक पॉलिश आणि रंगाने भरून निघतो.

खालून स्क्रूने खेचून बसवणं हा उपाय धरू नका. टॉप त्या दिवशी सपाट दिसतो, पण ताण आत तसाच राहतो आणि गरम-गार होता होता सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून तडा जातो. कोपरा काटकोनात कापलेला असेल तर आणखी लवकर.

पुढच्या मोठ्या टॉपआधी

मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद नमुना-पट्टी त्याच थरांनी, त्याच अंतराने, त्याच दिवशी बनवा आणि पोस्ट-क्युअर करून तिला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावून पाहा. मीटरला एक मिलिमीटर बाक दिसला तर तीन मीटरच्या टॉपला नऊ मिळेल. मग पाठीत फेरफार करा: नुसत्या रेझिन-मॅटची पाठ पोट वर काढत असेल तर पाठीच्या रेझिनमध्येही तोच फिलर थोडा मिसळा, म्हणजे तिचं आकसणं दर्शनी थराजवळ येतं. टोकं वर येत असतील तर फिलर कमी करा. पाठीतल्या फिलरचं प्रमाण हाच तुमचा जुळवणीचा स्क्रू. जेलकोटचा रंग किंवा कंपनी बदलली तर नमुना-पट्टी पुन्हा करायची.

तयार टॉप भिंतीला टेकवून उभे करू नका. पहिले काही आठवडे तरी सपाट रॅकवर, चार-पाच आधारांवर, दोन टॉपच्या मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवून रचा. फिल्ममध्ये गुंडाळायचे असतील तर दोन्ही बाजूंनी गुंडाळा. एकाच बाजूला फिल्म आणि दुसरी उघडी, हा बाक आणायचा हमखास मार्ग आहे. बसवताना कॅबिनेटवर सिलिकॉनचे ठिपके द्या, सलग कडक चिकटवण नको. टॉपला उष्णतेने वाढायला-आकसायला जागा लागते. भिंतीकडे दोन-तीन मिलिमीटर फट सोडा आणि तीही सिलिकॉननेच भरा.